पाइपाला पाय

त्या घरात दोन जावा होत्या आणि दोन नळ. बिघाड नळांच्या बाजूला होता, पण बोलणं बंद झालं ते जावांचं.

घर साधं, दुमजली. खाली थोरली, वर धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारे आणि संध्याकाळी परतल्यावर "आज काय झालं?" हा प्रश्न चुकूनही न विचारणारे. त्या घरात शहाणपण म्हणतात ते एवढंच होतं आणि ते दोघा भावांत निम्मं निम्मं वाटलेलं होतं.

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत चित्र वेगळं होतं. दुपारचे चार वाजले की धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरी बांधलेली टोपली खाली सोडायची. टोपलीत कधी बिस्किटं असायची, कधी जिन्याची किल्ली, कधी नुसती चिठ्ठी, 'आधण ठेवलंय, या.' थोरली मग गुडघ्यांना बोल लावत जिना चढायची आणि पाच वाजेपर्यंत खाली यायची नाही. धाकटी तिला 'ताई' म्हणायची. जावेला ताई म्हणणं सोपं असतं, पण हिच्या तोंडी ते मनापासून यायचं आणि थोरलीला ते फार आवडायचं. अर्थात आवडतं असं तिने कधी सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी थोरलीने भांडी घासून नळ बंद केला आणि वर 'धाड' असा आवाज झाला. हिच्या हातून काही पडलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती नळ बंद करायची की वरून धाड. तिसऱ्या दिवशी तर तिने नळाला हातही लावला नव्हता, तरी धाड, धाड असं दोनदा झालं. थोरलीला कळून चुकलं. माझं काम आवरलं की बाईसाहेब पाय आपटतात आणि मी स्वस्थ बसले की आठवण म्हणून आपटतात.

कारणही तिला लगेच सापडलं. नुकतंच तिने स्वयंपाकघरात नवं कपाट करून घेतलं होतं. जमिनीपासून छतापर्यंत, बदामी रंगाचं, आत अकरा कप्पे. सुताराने तीन आठवडे खपून ते भिंतीशी असं जुळवलं होतं की मागे कागदसुद्धा सरकू नये. येईल त्याला थोरली ते दाखवायची. धाकटीने कपाट पाहून "छान आहे हो" म्हटलं होतं. नुसतं 'छान आहे हो'. त्यातला तो 'हो' थोरलीच्या मनात तेव्हाच खुपला होता.

"अगं, पाइपाचा आवाज असेल," नवरा एकदा दबकत म्हणाला.

"पाइपाला पाय असतात का?" थोरली म्हणाली. "पाय आपटल्याचा आवाज मला कळत नाही होय?"

त्यावर त्याने पेपर उघडला. पहिल्या आठवड्यातच थोरलीने झाडूचा दांडा घेऊन छतावर दोनदा ठोकलं. वरून तीनदा उत्तर आलं. ते मात्र खरंखुरं होतं, काहीतरी जड वस्तू फरशीवर आपटल्याचं. मग जिन्यात दोघींची गाठ पडली.

"आमच्या घरात आता चालायचीही चोरी झाली वाटतं," धाकटी म्हणाली.

"चालायला कुणाची ना नाही," थोरली म्हणाली. "आपटायला आहे."

तेवढ्यावर ते संपलं आणि टोपली वर गेली ती गेलीच. थोरलीचा पितळी बत्ता त्याआधीच्या आठवड्यात वर गेला होता, तोही तिकडेच राहिला. मागायला गेलं तर बोलावं लागणार. म्हणून आठ महिने ती मिरी वाटीच्या बुडाने रगडत होती आणि दर वेळी धाकटीचा उद्धार करत होती.

आता धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा पाहिली होती. रविवारी टेंपो येणार होता. वरून खोकी सरकवल्याचे आवाज यायचे तेव्हा थोरली मुद्दाम कुठेतरी दुसरीकडे जाऊन बसायची. जाते तर जाऊ दे, असं ती स्वतःला दिवसातून दहा वेळा बजावत होती. ज्या गोष्टीचं खरंच काही वाटत नाही ती माणूस एकदाच म्हणतो, हे तिलाही कळत होतं.

शेवटी नवऱ्याने कुठूनतरी एका प्लंबरचा नंबर आणला. थोरली तयार झाली, पण वेगळ्याच हेतूने. धाकटी घर सोडणार, चार लोक विचारणार, कुणामुळे? तेव्हा आपल्या हातात पुरावा हवा.

गुरुवारी दुपारी दोन वाजता प्लंबर आला. साठीचा माणूस, लोक त्याला हळूमिस्त्री म्हणत. तो हळू चालायचा, हळू बोलायचा, आणि गिऱ्हाइकांनाही उठल्यासुटल्या 'हळू' असंच सांगायचा. चपला काढून त्या त्याने एकीला एक लागून ठेवल्या आणि पिशवी उघडली.

"हे बघा मिस्त्री," थोरली म्हणाली, "मला दुरुस्ती नको. पाइपांत काही दोष नाही, एवढं मला कागदावर लिहून द्या. खाली सही करा."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. अशी मागणी त्याच्याकडे बहुधा पहिल्यांदाच आली असावी.

"देतो की वहिनी," तो म्हणाला. "पण तपासल्याशिवाय कसं लिहू?"

त्याने एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक सिंकखालच्या पाइपाला टेकवलं आणि मूठ कानाला लावून बसला. बराच वेळ तसाच बसला. थोरलीला वाटलं, झोप लागली की काय.

"वरचा नळ कुणीतरी सोडायला आणि बंद करायला हवा," तो डोळे न उघडताच म्हणाला. "मी एकटाच असतो. मी वर गेलो तर खाली कान कुणाचा? खाली बसलो तर वर हात कुणाचा?"

"वरच्यांशी आमचं बोलणं नाही."

"मी विचारून येतो," मिस्त्री म्हणाला आणि उठला. जिना चढायला आणि उतरायला त्याला लागलेल्या वेळात थोरलीने ओटा दोनदा पुसला. तो परत आला तेव्हा धाकटी तयार आहे, असा निरोप घेऊन आला.

"आता तुम्ही इथून सांगा, ती तिथून करेल. माझा आवाज वर पोचत नाही."

थोरली खिडकीशी गेली. घसा खाकरला. आठ महिन्यांनंतर तोंड उघडायचं आणि तेही नळासाठी. तिने समोरच्या भिंतीकडे पाहून मोठ्याने सांगितलं, "नळ सोडा म्हणावं."

वरच्या खिडकीतून उत्तर आलं, "सोडलाय म्हणावं."

मध्ये निरोप पोचवणारं तिसरं कुणीही नव्हतं. मिस्त्रीने मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"बंद करा म्हणावं."

धाड.

"बघा," थोरली म्हणाली. "तुमच्यासमोर आपटला पाय. आता काढा कागद."

"हळू वहिनी, हळू. इकडे या. हात ठेवा इथे."

सिंकखाली हातभर पाइप उघडा होता. थोरली गुडघ्यांवर बसली आणि तिने तळवा त्यावर ठेवला. पुन्हा सोडा म्हणावं झालं, पुन्हा बंद करा म्हणावं झालं. पाइप तिच्या तळव्याखाली थाडकन हलला आणि आवाज झाला. तिने हात मागे घेतला.

"फरशीवर पाय आपटला तर पाइपही हलणारच," ती म्हणाली, पण तिचा आवाज थोडा उतरला होता.

"तर मग तिला सांगा, स्टुलावर बस, दोन्ही पाय वर घे आणि मग बंद कर."

हे सांगणं जरा अवघड होतं. पण थोरलीने सांगितलं. वर स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि मग धाकटीचा चिडका आवाज, "घेतलेत पाय वर म्हणावं."

"बंद करा म्हणावं."

धाड. तळव्याखाली पाइप पुन्हा तसाच उसळला.

पाय वर घेऊन स्टुलावर बसलेली धाकटी थोरलीच्या डोळ्यांसमोर आली. बाई कितीही वाईट असली तरी स्टुलावर बसून पाय आपटू शकत नाही, हे मान्य करणं भाग होतं.

"आता तुमचा नळ," मिस्त्री म्हणाला.

थोरलीने आपला नळ सोडला आणि नेहमीच्या सवयीने दांडी खटकन खाली पाडली. धाड.

लगेच वरच्या खिडकीतून आवाज आला, आणि या वेळी धाकटी 'म्हणावं' विसरली. "ऐकलंत ना मिस्त्री? ठोकला की नाही दांडा छतावर? आठ महिने हेच चाललंय. मी पाण्याला हात लावला की ठोकतात, नाही लावला तरी ठोकतात."

थोरली नळाची दांडी धरून उभी होती. दोन्ही हात नळावर. झाडू तिकडे दाराआड उभा होता. जे ती वरच्या बाईबद्दल आठ महिने बोलत आली होती, तेच शब्द, त्याच क्रमाने, वरची बाई तिच्याबद्दल बोलत आली होती. दोघी मिळून साप साप म्हणून भुई धोपटत बसल्या होत्या, एक खालून आणि एक वरून.

"आता एकदा हळू," मिस्त्री म्हणाला. "दांडी एकदम पाडायची नाही. मनात पाच आकडे म्हणत बंद करायला सांगा."

थोरली खिडकीशी गेली. "हळू बंद कर," ती म्हणाली. "मनात पाचपर्यंत मोज." म्हणावं राहून गेलं. तेही तिच्या नंतर लक्षात आलं.

पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला. धाड झालं नाही.

मिस्त्रीने समजावून सांगितलं. धावतं पाणी एकदम अडवलं की ते पाइपाला धक्का देतं. जुने नळ फिरवत फिरवत बंद व्हायचे, हे नवे एका झटक्यात होतात, म्हणून धक्का मोठा. तरीही पाइप भिंतीला नीट बांधलेला असेल तर तो जागच्या जागी जिरतो. "तुमचा बांधलेला नाही. कुठेतरी सुटलाय. वर जाणारा पाइप कुठून जातो?"

थोरलीने कपाटाकडे बोट दाखवलं.

कपाटाचे अकरा कप्पे रिकामे करायला तास गेला. मग दोघांनी मिळून, हळू हळू म्हणत, कपाट पुढे ओढलं. मिस्त्रीने बॅटरी मारली. भिंतीतल्या खाचेतून पाइप सरळ वर गेला होता, कुठेही न बांधलेला. भिंतीत चार भोकं होती, दोन खाली, दोन वर, आणि पाइप आपटून आपटून तिथला रंग उडाला होता.

"इथे क्लॅम्प होते," मिस्त्री म्हणाला. "पाइपाला भिंतीशी धरून ठेवणारे. दोन होते. कुणीतरी काढलेत."

कुणी काढले ते थोरलीला पक्कं माहीत होतं. सुतार म्हणाला होता, बाई, हे लोखंडी तुकडे मध्ये येतात, कपाट दोन बोटं पुढे राहील. आणि थोरली म्हणाली होती, काढून टाका, मागे कोण बघायला जातंय. एवढंच नव्हे, ते दोन्ही क्लॅम्प तिने जपूनही ठेवले होते. ती काहीच टाकत नसे. बिस्किटांच्या जुन्या डब्यात, मोडक्या किल्ल्या आणि बटणांच्या सोबतीला, ते आठ महिने पडून होते. कधीतरी कामाला येतील म्हणून.

"काय निघालं?" वरून धाकटीने विचारलं.

थोरलीने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. त्याने आयुष्यभर लोकांच्या सिंकखाली डोकं घातलं होतं. कुठे काय बोलू नये हे त्याला पाइपांइतकंच समजत होतं.

"पाइप सुटा होता म्हणे," थोरली म्हणाली.

"आपोआप?"

थोरलीने ऐकू न आल्यासारखं केलं.

मिस्त्रीने पिशवीतून नवे क्लॅम्प काढले, आतून रबर लावलेले. पाइप भिंतीशी आवळला. छतातून जिथे तो वर जात होता तिथे नमद्याची, म्हणजे जाड लोकरीची, पट्टी गुंडाळून बसवली. सिंकखाली वीतभर उंचीची, वरून बंद असलेली एक नळी जोडली. तिच्यात हवा राहते, पाण्याचा धक्का त्या हवेवर जातो, असं तो म्हणाला. दोन्ही नळ खटाखट बंद करून पाहिले. नुसता पाणी थांबल्याचा आवाज आला.

कपाट मात्र आता भिंतीला टेकेना. नवे क्लॅम्प जुन्यांपेक्षा जाड, त्यामुळे ते चार बोटं पुढे राहिलं आणि त्याचं दार खिडकीच्या चौकटीला अडून अर्धंच उघडू लागलं. अकरा कप्प्यांपैकी पाचांत हात जाईना.

"क्लॅम्प राहणार असतील तर हे असंच राहील," मिस्त्री म्हणाला.

"राहू दे," थोरली म्हणाली. आठ महिन्यांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर तिने सुताराला परत बोलावलं असतं.

मग मिस्त्रीने कागद मागितला. थोरली नको नको म्हणत होती, पण त्याने कबूल केलेलं काम पुरं करायचं ठरवलं होतं. त्याने शांतपणे लिहिलं, 'आवाजाचं कारण पाइप. माणसांचा दोष नाही.' खाली सही केली, चपला घातल्या, आणि "नळ हळू बंद करत जा" असं सांगून तो गेला.

थोरली कागद हातात घेऊन उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पुरावा तिनेच मागितला होता, आणि त्यात तिची सुटकाही लिहून आली होती. माणसांचा दोष नाही. सुतार काही साक्ष द्यायला येणार नव्हता. एवढा कागद धाकटीला दाखवला असता तर गोष्ट मिटल्यासारखी झाली असती. वर खोकं सरकवल्याचा आवाज झाला. रविवारच्या आधी दोनच दिवस उरले होते. कागद कितीही चांगला असला तरी तो पुरेसा नाही, हे तिला आतून कळत होतं. धाकटीने 'आपोआप?' असं विचारलं होतं आणि आपण उत्तर दिलं नव्हतं.

तिने पेन घेतलं आणि मिस्त्रीच्या सहीखाली लिहिलं, 'क्लॅम्प मी काढायला लावले, कपाटासाठी. तुझा काही दोष नव्हता. मी उगाच बोलले.' अक्षर जरा वाकडं आलं. मग बिस्किटांच्या डब्यातून दोन्ही जुने क्लॅम्प शोधून काढले आणि ती खिडकीशी गेली.

"टोपली सोड," ती म्हणाली.

बराच वेळ काहीच झालं नाही. टोपली खोक्यात गेली असेल, असं थोरलीला वाटलं. किंवा टाकूनही दिली असेल. आठ महिने कोण ठेवतं? तिला एकदम रडू यायला लागलं. नळासाठी नाही, कपाटासाठी तर नाहीच. आपण हिला हाकलून दिलं, या विचाराने.

मग दोरी दिसली. टोपली गोल गोल फिरत खाली आली. थोरलीने कागद ठेवला, कागदावर क्लॅम्प ठेवले आणि दोरीला हिसका दिला. टोपली वर गेली.

चार वाजून गेले होते. थोरली खिडकीत उभी राहून वरच्या शांततेला कान देत होती. आठ महिने ती ज्या छताच्या नावाने बोटं मोडत होती, त्याने आता एक तरी आवाज करावा असं तिला फार वाटत होतं.

टोपली पुन्हा खाली आली. ती जड होती. आत थोरलीचा पितळी बत्ता होता, घासून चकचकीत केलेला, फक्त बुडाला चांगलाच चेपलेला. त्याच्याखाली चिठ्ठी होती, 'फरशीवर मी याने ठोकत होते. तुमचाच आहे. माझ्या तीन फरश्या फुटल्यात.'

थोरली हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग मोठ्याने. वरच्या खिडकीतूनही कुणीतरी हसत होतं.

"ताई," धाकटीने हाक मारली, "चहाचं भांडं खोक्यात गेलंय. वर येऊ नका, मीच खाली येते."

"ये," थोरली म्हणाली. मग जे विचारायची भीती वाटत होती ते तिने विचारलं. "आणि रविवारचा टेंपो?"

"येऊ दे की. ठरवलेला टेंपो रिकामा कशाला पाठवायचा?" धाकटी म्हणाली. "तुमचं ते कपाट घेऊन जाईल."

थोरलीने वळून कपाटाकडे पाहिलं. बदामी रंगाचं, अकरा कप्प्यांचं, चार बोटं पुढे आलेलं आणि अर्धंच उघडणारं. जिन्यावर धाकटीची पावलं वाजायला लागली होती, आणि ती खरोखर पावलंच होती.

"हळू न्या म्हणावं," थोरली म्हणाली आणि आधण ठेवायला वळली.